लांबच्या गावची हवा

आबा, आम्हाला लांब ठेवून तुम्ही खरंच वाचवलंत का? मला याचं उत्तर देता येत नाही, आणि हाच माझा रोजचा विषय आहे.

तुम्ही कारखान्याच्या कोळशाच्या बॉयलरवर कामाला, पत्र्याच्या खोलीत एकटे. आई आणि मी अमळनेरकडच्या गावात. एका सुट्टीत आई मला तुमच्याकडे घेऊन आली. एसटीतून उतरते तोच तुम्ही माझ्या नाकातोंडाला रुमाल बांधता. खोलीत खिचडीच्या पातेल्यावर ताट, ताटावर ओलं फडकं. मी म्हणते, मला इथंच राहायचंय. "आठे राखमा कावळाबी पांढरा व्हस, बेटा. तू कशाले ऱ्हास?" तुम्ही हसलात, आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्हाला परत पाठवलंत. मी शाळेत असतानाच तुम्ही गेलात. आपण तिघं एका घरात असे राहिलोच नाही.

घरातली पहिली पदवी घेऊन मी आता जळगावला हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. या हिवाळ्यात आपल्या गावच्या शाळेच्या गच्चीवर हवेतले कण कागदावर टिपणारं यंत्र लावलं होतं. त्यातला धुक्याच्या दिवसांतला गाळणकागद पाण्यात भिजवला, त्या पाण्यात बेरियम क्लोराइड टाकलं, तर पाणी दुधाळ झालं. म्हणजे सल्फेट. राख बरीचशी जवळच पडते, ती तुम्हाला दिसत होती. पण कोळशातलं गंधक वायू होऊन निघतं, ते दिसत नाही. वाऱ्यासोबत जाता जाता ओलसर हवेत, बारीक कणांवर त्याचं सल्फेट होतं आणि लांबच्या माणसांच्या श्वासात जातं. तुमच्या धुराड्यातलं तेव्हा आमच्यापर्यंत किती आलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या खोलीत आम्ही जास्त आजारी पडलो असतो, हेही खरं असेल.

गावी गेले तेव्हा आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. "काय निंघनं तुना यंत्रमा?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मंग बठ्ठा तिन्हीजन संगेच ऱ्हातूत ना आपन," एवढंच म्हणाली.

माझीही खोली कारखान्यांजवळ आहे. इथं धूर आहे, तू तिकडंच बरी, असं मी तिला फोनवर कितीदा सांगितलंय.

गेल्या रविवारी तिला इकडे घेऊन आले. इथली हवा कशी आहे ते आधी नीट सांगितलं, मगच तिनं पिशवी भरली. एकटीला मला जेवण जात नव्हतं, ते मात्र तिला सांगितलेलं नाही.