भिंतीमागे कोण निजतं

मळा, ता. चाळीसगाव
९ ऑगस्ट १९८८

चि. सुकदेव यास अ. उ. आ. आणि जयभीम. पत्रास कारण की, तुझ्या भाच्याने मला कात्रीत धरलं आहे. अभिमन रविवारी पिंप्राळ्याहून आला, भाकर खाल्ली, हात धुतले आणि निकाल सांगून मोकळा झाला. दिवाळीच्या आत परवान्याची बंदूक घरात आली तर मी मळ्यात राहायचं, नाही आली तर बाडबिस्तरा बांधून त्याच्याकडे जायचं. पाटबंधारे खात्यात राहून पोराला पाणी अडवायची सवय झाली आहे, आता आईलाही अडवतो.

पिंप्राळ्यात करमणार नाही असं नाही. मला आता कुठेच करमत नाही. पण हे घर अभिमनच्या बाबांनी, गुरुजींनी, पेन्शनीत निघाल्यावर स्वतः उभं राहून बांधलं, लिंबाची बाग लावली. आपल्या माणसाने आपल्या जमिनीवर बांधलेलं हे आपल्या दोन्ही घराण्यांतलं पहिलं घर. ते सोडलं तर मी कोण, हे मला सांगता यायचं नाही. म्हणून मला इथेच राहायचं आहे, आणि त्यासाठी बंदूक लागत असेल तर बंदूक.

गुरुजींना जाऊन चार महिने झाले. दरोडेखोरांनी पेटी नेली, डोक्यात गज घातला, आणि नवव्या दिवशी ते गेले. हे तुला ठाऊक आहे. लिहिताना तरी काही होतं का, ते बघत होते. होत नाही. गावातल्या बाया म्हणतात कलाबाई मोठी खंबीर. खंबीर कसली, बधिर आहे. दात काढल्यावर गाल सुन्न होतो ना, तसं सगळं अंग झालं आहे. संध्याकाळी वंदना घेते, पहिलं शील म्हणते, जीवहत्येपासून दूर राहीन म्हणून, आणि उठून अभिमनने आणलेला बंदुकीचा अर्ज भरते. जीभ अडखळतसुद्धा नाही.

तू सारी नोकरी पोलीस खात्यात हत्यारं दुरुस्त करण्यात घालवलीस, तेव्हा तूच सांग. मागे धुळ्याला आले होते तेव्हा तू एक आखूड बंदूक दाखवली होतीस. गोळी पिस्तुलाची, पण खांद्याला लावून धरायची. तशी मिळाली तर मला झेपेल.

पुष्पाबाईला जयभीम सांग. माया आहे ती राहू दे.
तुझी अक्का,
कलाबाई

---

धुळे
१७ ऑगस्ट १९८८

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र मिळालं. तू सांगतेस ती कार्बाइन. नऊ मिलीमीटरची गोळी, आखूड नळी, खांद्याला धक्का जवळजवळ नाही, दारातल्या दारात वळवता येते. तुझ्यासारखीला तीच बरी. पण ती फक्त सरकारची. अर्जात तिचं नाव लिहिलंस तर साहेब अर्ज ठेवून घेतील आणि तुलाही.

मग उरतं काय? बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घेऊ नकोस. सराव नसला तर चोर दारात आणि गोळी आढ्याला. तीनशे पंधराची रायफल रानडुकरासाठी ठीक, घरात नको. ठासणीची बंदूक तर विसरच. दारू ठासून होईस्तोवर चोर चहा पिऊन जातील, कप विसळून ठेवतील. राहता राहिली बारा बोअर. दुनळी जड, एकनळी हलकी. माझं मत एकनळीकडे आहे.

पण अक्का, बंदूक निवडणं ही नंतरची गोष्ट. घरातलं मुसळ साधारण बंदुकीच्याच वजनाचं असतं. ते घेऊन तुझ्या खाटेवर बैस, खांद्याला लाव आणि दाराकडे धर. रोज थोडा वेळ धर, म्हणजे हात किती टिकतो ते कळेल. खाटेपासून दार किती पावलं ते मोज. आणि मुसळाच्या टोकापुढे काय काय येतं ते मला लिहून पाठव. दार, दाराच्या बाजूची भिंत, आणि त्या भिंतीमागे काय आहे तेही. हे विसरू नकोस. नवीन माणूस चोराकडे बघतो, चोराच्या मागे काय आहे ते बघत नाही.

पुष्पा विचारते, लिंबाचं लोणचं यंदा घालणार की नाही. मी म्हटलं, अक्का सध्या दारूगोळ्यात आहे.

लहान भावावर लोभ असावा.
तुझा,
सुकदेव

---

मळा
९ ऑक्टोबर १९८८

चि. सुकदेव यास अ. उ. आ. आणि जयभीम. परवाना झाला. गुरुजींच्या खुनाचे कागद जोडलेले होते, म्हणून कुणी फार अडवलं नाही. पोलिसांनी गावात येऊन चार जणांना विचारलं, बाई कशी आहे. चौघांनी चांगलं सांगितलं. हीच माणसं आपण इथे जमीन घेतली तेव्हा बांधावरून रोज भांडत होती. गुरुजी गेले आणि मी चांगली झाले.

जळगावला कचेरीत साहेबांनी विचारलं, वेळ आली तर चालवाल का. मी हो म्हणाले. इतकं थंडपणे म्हणाले की साहेबांनी एकदा वर बघितलं आणि मग सही केली. कारकुनाने माझ्या नावामागे गं. भा. लिहिलं होतं, ते मात्र मी खोडायला लावलं. गंगेचा आणि आमचा काही संबंध नाही म्हटलं.

आता तुझा अभ्यास. महिनाभर रोज सकाळी मुसळ धरते आहे. हात आधी वीस आकड्यांपर्यंत टिकायचा, आता साठपर्यंत टिकतो. खाटेपासून दार नऊ पावलं. दाराच्या उजव्या हाताची भिंत एका विटेची, ती खांद्याइतकी, त्यावर पत्रा. पूर्वी त्यामागे खताची पोती असायची. गुरुजी गेल्यावर आमचा सालदार हिलाल, त्याची बायको झुंबरबाई आणि दोन पोरी तिथे राहायला आल्या, मला सोबत म्हणून. बिचारी गावातलं घर बंद करून आली. भिंतीला डोकी लावून चौघं झोपतात.

हात थकला की मुसळाचं टोक उजवीकडे जातं. म्हणजे त्यांच्याकडे. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण वाटलं काहीच नाही. भिंत आहे, भिंतीमागे पोरी आहेत, एवढंच कळलं. पूर्वी मला असं झालं नसतं. हे तुला सांगावंसं वाटलं.

गोळी विटेतच अडकून राहील अशी बंदूक असते का? अभिमन दिवाळीच्या आधी येतो म्हणतो, त्याच्याबरोबर दुकानात जायचं आहे. नाव पक्कं कळव.

आशीर्वाद आहेतच.
अक्का

---

धुळे
२६ ऑक्टोबर १९८८

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि. उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

बारा बोअरचे बारीक छर्रे विटेत बहुतेक अडकतील. पत्र्यात अडकणार नाहीत. आणि या बहुतेकवर मी सही करणार नाही. एकदा एका कागदावर सही केली आहे, ती पुरे.

सहा वर्षांपूर्वी एका गावात दंगल झाली. गावाचं नाव लिहीत नाही. बंदोबस्ताला गेलेल्या तुकडीतली एक कार्बाइन आदल्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. गोळी अडकत होती. मी उघडली, साफ केली, स्प्रिंग बदलली, चालवून बघितली आणि शेरा लिहिला, चालू स्थितीत. नंबर ४४७१. त्या दिवशी ती कुठेही अडकली नाही. ज्याच्यावर झाडली तो पळून गेला. गोळी त्याच्यामागच्या घराचा पत्रा फोडून आत गेली. आत एक लहान मुलगी तापाने निजली होती.

चौकशीत मला बोलावलं. हत्यारात दोष होता का, एवढंच विचारलं. नव्हता, म्हणून मी सांगितलं, आणि ते खरं होतं. बाहेर आल्यावर साहेबांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले काम चोख आहे. मी घरी आलो, जेवलो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. पुष्पालासुद्धा सांगितलं नाही. तू दाताचं आणि गालाचं लिहिलंस ते वाचून वाटलं, हे माझंच कुणी लिहिलं. तुला चार महिने झाले होते. मला सहा वर्षं झाली आहेत, अक्का. ते आपोआप जात नाही.

बंदूक घ्यावी की नाही, हे मी सांगणार नाही. घेतलीस तर येऊन शिकवीन. पण मुसळ धरणं तेवढं आजपासून बंद कर.

हे पत्र वाचूनही लोभ राहिला तर ठेव.
सुकदेव

---

मळा
६ नोव्हेंबर १९८८

चि. सुकदेव यास अ. उ. आ. आणि जयभीम. तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी दुपारी झुंबरबाई दारात आली. भांडी पोत्यात भरून आली होती. तुला ठाऊक आहे ती, माझ्यासमोर कधी तोंड वर करत नाही. ती म्हणाली, "अक्का, भितना मांगे आम्ही बठ्ठा निजतस." भिंतीमागे आम्ही सगळी निजतो, एवढंच म्हणाली. दीड महिना ती पत्र्याच्या फटीतून बघत होती, मी खाटेवर बसून त्यांच्याकडे मुसळ धरते ते. माझी सोबत करायला आलेली बाई माझ्याच भीतीने निघाली होती.

मी आत गेले, तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा. आधी त्या तापातल्या पोरीसाठी रडले, मग तुझ्यासाठी, मग गुरुजींची पाळी आली. ती पाळी काही लवकर संपेना. झुंबरबाईने पोतं खाली ठेवलं, चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या. मी जेवले. मीठ कमी होतं. मीठ कमी आहे हे कळलं, याचंच मला अप्रूप.

अभिमन दुकानात जायचं म्हणून काल आला. मी तुझं पत्र त्याला वाचायला दिलं. रागावू नकोस, मला तेवढं नीट सांगता आलं नसतं. वाचून त्याने पत्राची घडी केली. मग उठला आणि उजव्या भिंतीवर बोटाने टकटक केली. पलीकडून धाकट्या पोरीने टकटक केली. तो तसाच उभा राहिला. मग मला म्हणाला की दरोडा पडला त्या आठवड्यात मी यायचं कबूल करून आलो नव्हतो. हे पोर सात महिने ते घेऊन हिंडत होतं, आणि मला वाटत होतं तो मला मळ्यातून काढायला निघाला आहे.

आज गवंडी आला आहे. त्या भिंतीत दार काढतो आहे. झुंबरबाई आणि पोरी माझ्या खोलीत निजणार, हिलाल त्या खोलीत. माणसं वाढली की चोर दोनदा विचार करतो, असं अभिमनच म्हणतो. होळीपर्यंत बघू म्हणाला आहे. होळीनंतर काय ते मी बघेन. मी इथेच आहे. परवान्याचा कागद सोमवारी परत करणार.

आता एक विचारते. तू सगळं लिहिलंस. स्प्रिंग लिहिलीस, शेरा लिहिलास, कार्बाइनचा नंबर लिहिलास, तोही पाठ. तिचं नाव लिहिलं नाहीस. चौकशीच्या कागदात असणारच. काय होतं रे तिचं नाव?

लोभाचं विचारलंस. वेडा आहेस.
तुझी,
अक्का

---

धुळे
१४ नोव्हेंबर १९८८

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र चार दिवस खिशात ठेवलं. काल पुष्पाला वाचायला दिलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

शेवंता निंबा. वय वर्षे सात.

गुरुवारच्या गाडीने आम्ही दोघं येतो. चार दिवस राहीन म्हणतो.

लोभ असावा ही विनंती.
सुकदेव