मत देऊ नका म्हणत फिरूनही निवडून आल्याबाबत

दिनांक : २० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
येरळाकाठ सैनिक कल्याण संस्था, विटा,
ता. खानापूर, जि. सांगली.

अर्जदार : श्रीमती शालूबाई नाथाजी मुळीक, वय ६३, वीरमाता, सभासद क्र. ४१२, रा. करंजओढा, ता. खानापूर.

विषय : संचालक मंडळाच्या वीरमाता-वीरपत्नी राखीव जागेवर निवडून आल्याचे प्रमाणपत्र सोमवारच्या सभेपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : १) उमेदवारी मागे घेण्याचा माझा दि. ३१ जानेवारीचा अर्ज.
२) आपले दि. ३ फेब्रुवारीचे नकाराचे पत्र.
३) निवृत्त सुभेदार श्री. भाऊसो खराडे यांची दि. १६ फेब्रुवारीची हरकत.

महोदय,

१. अर्ज करण्यास कारण की, याच जागेवरून माझे नाव काढा असा अर्ज वीस दिवसांपूर्वी मीच आपल्याकडे केला होता, आणि आज ही जागा माझी आहे असेही मीच लिहीत आहे. दोन्ही अर्ज खरे आहेत. हे कसे झाले ते सांगितल्याशिवाय माझी मागणी आपणांस विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. अर्ज लिहायला मी मुलगा गेल्यावर शिकले.

२. माझा मुलगा नाईक शंभूराज सन २०१७ मध्ये उत्तर सीमेवर हिमकडा कोसळून गेला. सून संयोगिता माझ्याजवळच राहते. ती मला आत्या म्हणते. ती फौजीचीच मुलगी असून अकरावी-बारावी तिने आपल्या संस्थेच्या विट्यातील मुलींच्या वसतिगृहात राहून केली. आज तेथे एक्केचाळीस मुली आहेत. त्यातल्या बहुतेक अशा वाड्यांवरच्या आहेत की जिथून शाळेच्या वेळेला एसटी नाही. हे वसतिगृह बंद करून रस्त्याकडेची ती इमारत मंगल कार्यालयासाठी द्यावी, असे श्री. खराडे यांच्या गटाच्या मनात आहे. ते रोखण्यासाठी संयोगिता राखीव जागेवर उभी राहणार होती. तिच्यासमोर श्री. खराडे यांच्या गटातर्फे वीरपत्नी श्रीमती रेश्मा जयराज शेळके होत्या. जागा एकच. मतदार फक्त आम्ही, म्हणजे मुले आणि नवरे गमावलेल्या बायका.

३. श्री. खराडे यांना मी भाऊजी म्हणते. शंभूराजला भरतीसाठी माळावर पळायला त्यांनीच शिकवले. दर दिवाळीला ते घरी येतात. ते कोणत्या गटात आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हते. दि. २० जानेवारी रोजी सांगलीत विश्रामबागेतील दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दि. २३ रोजी संयोगिता शंभूराजच्या पेन्शनच्या कागदासाठी साताऱ्याला गेली असता भाऊजी दुपारी घरी आले. माझ्या डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याने मला पूर्वीपासूनच धूसर दिसते. ते म्हणाले, "वैनी, संयोगितानं फोन केलाय. तिच्या फॉर्मवर सूचक म्हणून तुमची सही लागतीया. हितं करा, आन हितं." त्यांनी माझे बोट धरून जागा दाखवली. मी दोन ठिकाणी सही केली. त्यांना चहा करून देता आला नाही याचे मला वाईट वाटले होते.

४. त्या सह्या सूचकाच्या जागी नव्हत्या. उमेदवाराच्या जागी होत्या. सूचक म्हणून खुद्द भाऊजींची सही होती आणि आपल्या नियमाप्रमाणे सूचक कोणताही सभासद चालतो व त्याने फॉर्म दाखल केला तरी चालतो. दि. २९ रोजी पात्र उमेदवारांची यादी आपल्या फलकावर लागली. तीत वरती संयोगिता होती आणि तिच्या खाली मी. सून आणि सासू एकाच जागेसाठी समोरासमोर. ज्यांनी हे केले त्यांचा हिशेब सरळ होता : म्हाताऱ्या वीरमाता मला देतील, तरण्या पोरी संयोगिताला, आणि तिसरी निवडून येईल.

५. संयोगिताने यादीचा फोटो काढून आणला आणि माझ्यासमोर मोबाईल धरला. म्हणाली, "आत्या, तुमाला उभं ऱ्हायचं हुतं तर मला सांगायचं. मी भरलाच नसता." मी भाऊजींची सगळी हकीकत सांगितली. तिने एवढेच विचारले, "सही तुमचीच हाय न्हवं?" मी हो म्हटले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. महोदय, हे अर्जात लिहू नये हे मला कळते, तरी लिहिते. डॉक्टरांनी डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायला सांगितले होते. ते ती वेळेवर टाकत होती. माझी हनुवटी वर करायची, थेंब टाकायचा, पदराने गाल पुसायचा आणि निघून जायची. आठ वर्षांपूर्वी घरात शंभूराजची पेटी आली, त्या दिवसांतसुद्धा आमच्या घरात इतकी शांतता नव्हती.

६. उमेदवारी मागे घेण्याची मुदत दि. ३१ जानेवारी, दुपारी तीनपर्यंत होती. मी सकाळी अकरालाच घर सोडले. वाटेत उसाची ट्रॉली उलटून रस्ता अडल्याने मी दोन वाजून चाळीस मिनिटांनी आपल्या कार्यालयात पोहोचले. लिपिकांनी सभासद ओळखपत्राची मूळ प्रत मागितली, ती दाखवली. मग छापील नमुन्यातच अर्ज पाहिजे म्हणाले. नमुन्याचे कागद कपाटात होते आणि कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ जेवायला गेले होते. मी लिहून आणलेला कागद हातात धरून टेबलासमोर उभी राहिले. आवकचा शिक्का बसला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. आपण दि. ३ रोजी कळवले की, "मुदत संपल्यानंतर उमेदवाराची इच्छा विचारात घेता येत नाही (नियम १९)." हे वाक्य आपलेच आहे. पुढे मला त्याचा उपयोग करायचा आहे.

७. आपले पत्र पोस्टाने घरी आले ते संयोगिताने उघडले. त्याला माझ्या अर्जाची प्रत जोडलेली होती. तिने ती उभ्यानेच वाचली. मग खाली बसली आणि परत वाचली. मला म्हणाली, "आत्या, माझं चुकलं." मी म्हटले, "ते ऱ्हाऊ दे. आता काय करायचं ते सांग." ती म्हणाली, "आता दोघींनी फिरायचं." दि. ५ पासून आम्ही तिच्या स्कूटीवरून तेवीस गावे केली. लेंगरे, भाळवणी, आळसंद धरून. जिथे वीरमाता तिथे मी उतरायचे आणि सांगायचे, "माझ्या नावाम्होरं घागर छापलीया. त्या घागरीवर शिक्का मारू नगा. माझ्या सुनंला द्या." आणि मग भाऊजींनी सही कशी घेतली, वसतिगृहाचे काय ठरते आहे, ते सगळे सांगायचे.

८. यावर दि. ११ रोजी आपल्याकडून मला नोटीस आली की, मी उमेदवार श्रीमती शालूबाई मुळीक यांच्याविरुद्ध प्रचार करत असून त्याचा खुलासा तीन दिवसांत करावा. मी खुलासा केला की, सदर उमेदवारास विचारले असता तिची काही तक्रार नाही. यात आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता. मला दुसरे उत्तर सुचले नाही.

९. दि. १६ रोजी मतदान झाले व त्याच दिवशी मोजणी. एकूण मते १८७, बाद ३. संयोगिता ४९. रेश्मा शेळके ६४. शालूबाई मुळीक ७१. आकडे वाचून झाल्यावर मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. ज्या बायकांच्या मी हातापाया पडले होते त्यांनीच हे केले होते. शेजारच्या गावच्या एक वीरमाता, वय ऐंशीच्या पुढे, मला मंडपाच्या दारात भेटल्या. मी त्यांना विचारले, "म्हातारे, मी तुला काय सांगितलं हुतं?" त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणूनच दिलं. इतक्या निवडणुका झाल्या, मला मत देऊ नगा म्हणून दारात येणारी तू पयलीच. तुझ्या सुनंला आमी वळखत न्हाई. तुला वळखतो."

१०. मी संयोगिताकडे पाहायलाही धजेना. तिला पाडणारी मीच होते. ती जवळ आली आणि तिने मला दंडाला धरून बाजूला नेले. मी म्हटले, "आत्ताच राजीनामा देते. तुला घ्या म्हणून सांगते." ती म्हणाली, "न्हाई आत्या. राजीनामा दिला की रिकाम्या जागंवर मंडळ कुणालाबी घेतंय. त्यास्नी तेच पायजे. तुमी आता उतरायचं न्हाई." मग ती रडली. निकालावर नव्हे, इतक्या दिवसांचे होते ते. मी तिला रडू दिले.

११. बाकी दहा संचालकांना त्याच संध्याकाळी प्रमाणपत्रे देण्यात आली. माझे रोखले. श्री. खराडे यांची हरकत अशी की, मी जाहीरपणे मत नको म्हटले, सबब मला पडलेली मते बाद धरून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास निवडून आल्याचे घोषित करावे. दहा संचालकांत वसतिगृह ठेवा म्हणणारे पाच आहेत आणि बंद करा म्हणणारे पाच. सोमवार दि. २४ रोजी सकाळी अकरा वाजता पहिली सभा असून विषय क्रमांक तीन वसतिगृहाच्या इमारतीचा आहे. प्रमाणपत्र कशासाठी रोखले आहे हे मला यापेक्षा अधिक लिहायची गरज वाटत नाही.

१२. दि. १८ रोजी भाऊजी पुन्हा घरी आले. सोबत टाइप केलेला कागद होता. म्हणाले, "वैनी, तुमालाच नको हुतं न्हवं हे? सही करा, सुटा. या वयात कशाला त्रास." आता माझी पट्टी निघाली आहे आणि नवा चष्मा आला आहे. मी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. भाऊजी खुर्चीत चुळबुळ करू लागले. कागदात लिहिले होते की मी स्वखुशीने जागा नाकारत आहे. मी तो घडी घालून त्यांच्या हातात परत दिला. म्हटले, "भाऊजी, शंभूला तुमी पळायला शिकवलंत. ते मी जलमभर इसरणार न्हाई. पण ही सही मिळायची न्हाई." ते गेले. उंबऱ्यापाशी चपला घालताना म्हणाले, "सभेला कशी येताय बघतो." संयोगिता दाराच्या आत उभी होती. तिने ऐकले आहे आणि ती साक्ष देण्यास तयार आहे.

१३. काल दुपारी श्रीमती रेश्मा शेळके स्वतः आमच्या घरी आल्या. त्यांची-आमची आधी ओळख नव्हती. त्यांना पाणी देताना संयोगिताचा चेहरा ताठ होता. रेश्मा म्हणाल्या, "मला वसतिगृहाचं कुणी सांगितलंच न्हवतं. उभी ऱ्हा म्हणाले, ऱ्हायले. मला चौसष्ट पडली. एकाहत्तर न्हाई पडली. दुसऱ्याची जागा घेऊन मी घरी काय सांगू?" त्यांनी हरकतीशी आपला संबंध नसल्याचे आणि अशा रीतीने मिळालेली जागा आपण घेणार नसल्याचे पत्र तिथेच बसून लिहिले. ते सोबत जोडले आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी प्रमाणपत्र रोखले, त्यांनाच ते नको आहे.

१४. तरी माझे मागणे असे :

(अ) मुदत संपल्यावर उमेदवाराची इच्छा विचारात घेता येत नाही, हे आपण लेखी कळवले आहे. जो नियम मला बाहेर पडू देत नव्हता, तोच आता मला बाहेर काढू शकत नाही. सबब हरकत निकाली काढून मला प्रमाणपत्र द्यावे.

(ब) सोमवारच्या सभेची सूचना मला रीतसर द्यावी.

(क) नकार द्यायचा असल्यास नियमाच्या क्रमांकासह लेखी द्यावा. तोंडी उत्तर मी घेणार नाही.

(ड) दि. २३ जानेवारीच्या सह्यांबाबत चौकशी व्हावी. ही मागणी सर्वांत शेवटी ठेवली आहे. ती महिनाभराने झाली तरी चालेल. मुलींची दहावी मात्र उद्यापासून सुरू आहे, आणि राहायला जागा राहते की जाते हे माहीत नसताना त्या अभ्यास करत आहेत.

माझे मत काय असेल हे कोणाला अंदाजाने सांगावे लागू नये म्हणून येथेच नमूद करते : विषय क्रमांक तीनला माझा विरोध राहील.

सदर अर्ज मी आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यातील बाकावर बसून पूर्ण केला आहे. माझ्या एका बाजूला संयोगिता आहे, दुसऱ्या बाजूला रेश्मा शेळके. प्रमाणपत्र हातात आल्यावर तिघीही उठू.

नम्रपणे, व्हरांड्यातून,

शालूबाई नाथाजी मुळीक
विटा, सकाळी १०.५०

सोबत :
१) आपल्या दि. ३ फेब्रुवारीच्या पत्राची प्रत.
२) डोळ्याच्या ऑपरेशनचा दाखला, तारखेसह.
३) श्रीमती रेश्मा जयराज शेळके यांचे पत्र.
४) श्रीमती संयोगिता शंभूराज मुळीक यांचा जबाब.

(पोच)
प्रमाणपत्र व सभेची सूचना आज दुपारी ४.४० वाजता मिळाली.
शा. ना. मुळीक, संचालक