गोदूला सांगितलेलं

३ फेब्रुवारी

झालं! माधवीचं मस्कतचं पक्कं झालं. मी बाथरूममध्ये आरशासमोर गोदूचा, माझ्या बोलक्या बाहुलीचा, सराव करत होतो, तर दारावर धडाधडा — "विकी, बाहेर ये, मेल आलाय!" गोदू हातातच, तसाच बाहेर. मिठी मारली तर मधे बाहुलीचं लाकडी बूड. "हिला आधी ठेव रे बाजूला!"

आयसीयूची ड्युटी करून, घरचं करून, उरलेल्या वेळात अभ्यास करून तिने परीक्षा काढली. मोठं हॉस्पिटल आहे. तिघांचा व्हिसा, राहायला जागा. उन्नतीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये निघायचं.

मी खूश आहे. आहेच. लिहून बघतोय कसं वाटतं ते.

मी तिथे काय करणार हे मी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही.

५ फेब्रुवारी

मुख्तारभाईंना सांगितलं. आमच्या वळ गावातल्या गोडाऊनला त्यांच्या गाड्या लागतात. मी डिस्पॅच बघतो, त्यामुळे रोजची भेट. तरुणपणी ते मस्कतलाच होते.

"चांगलंय! साफ शहर आहे. मासळीपण मिळते," म्हणाले. मग — "तू बीबीच्या व्हिसावर जाणार? तुला काम लगेच नाय मिळणार. मग दिवसभर करशील काय?"

मी हसून म्हटलं, गोदू आहे ना!

ते हसले नाहीत. "तिची बोली तिकडे समजणार कुणाला?"

"हिंदीत बोलेल."

"मग ती गोदू राहील काय?"

गाडी लागली होती. मी चलनावर सही केली आणि आत गेलो.

७ फेब्रुवारी

उन्नतीला सांगितलं. माधवीने छान तयारी केली होती — समुद्र, पोहण्याचा तलाव, नवी शाळा. पोरीने ऐकून घेतलं, जेवली, दप्तर भरलं. आणि गप्प. काही विचारलं की "हं". आठ वर्षांची पोर आणि नुसतं "हं"!

१२ फेब्रुवारी

अजून "हं"च.

माधवी ड्युटीवरून आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "तुझ्या गोदूला सांग ना तिच्याशी बोलायला." मी बघतच राहिलो. "एवढा मोठा घोडा, बाहुली खेळतो" म्हणणारी हीच ना!

१३ फेब्रुवारी

गोदूला मीच बनवली. उन्नती दोन वर्षांची होती तेव्हा. कागदाच्या लगद्याचं डोकं, जबड्याला सायकलच्या ब्रेकची वायर, अंगावर आईच्या जुन्या साडीचा तुकडा. दापोड्याची म्हातारी — आमच्या गावची. ओठ न हलवता बोलायचं तर प, फ, ब, भ, म येत नाहीत. ही अक्षरं ओठांशिवाय होतच नाहीत. म्हणून गोदूची सगळी वाक्यं ती चुकवून बांधावी लागतात. गावची बोली त्याला बरी पडते — हाय, न्हाय, कशाला म्हणायचं तर कनाला. ओठ जागचे हलत नाहीत! नोकरीत मी असं कधी बोलत नाही. तिथे हिंदी, नाहीतर साहेबांसारखं मराठी. गावचं सगळं गोदूच्या तोंडी गेलं.

संध्याकाळी तिला घेऊन उन्नतीशेजारी बसलो.

"का गं, तोंड कनाला सुजलंय?"

"नाही सुजलं."

"हाय सुजलं. इडलीगत."

हसली! किती दिवसांनी. मग म्हणाली, "गोदू, तू येणार मस्कतला?"

"नस्कत? ते कुठं आलं?"

"नस्कत नाही गं, म-स्क-त!"

"तेच तर. नस्कत."

खूप हसली. मग हसता हसता थांबली. आणि बोलायला लागली — गोदूच्या डोळ्यांत बघून, माझ्याकडे एकदाही नाही. वर्गातल्या अलिजाचे अब्बू तिकडेच कामाला, ते फोनमध्ये राहतात म्हणे. तिच्या वाढदिवसाला फोनमध्ये, ईदला फोनमध्ये. तिकडे गेलेली माणसं अशीच होतात. "मी नाही जाणार. आजीकडे राहणार, दापोड्याला. बॅग पण भरलीय. पलंगाखाली आहे. कुणाला सांगू नको हं. पप्पांना पण नाही."

गोदू म्हणाली, "न्हाय सांगत."

१४ फेब्रुवारी

बघितली बॅग. शाळेचा गणवेश, टॉवेल, बिस्किटाचा पुडा, आजीच्या चष्म्याचं रिकामं घर. ते कशाला, कुणास ठाऊक.

माधवीला सांगितलं. सांगायलाच हवं होतं ना? तिची आई आहे ती.

१५ फेब्रुवारी

नको होतं सांगायला.

माधवी नाईट करून आलेली, डोळे तांबारलेले. चहा पिता पिता सरळ म्हणाली, "आजीकडे राहणार म्हणे तू? आजीचे गुडघे दुखतात, तुझं कोण करणार?"

उन्नतीने आईकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

मी वर्तमानपत्र उचललं. हो, उचललं!

१६ फेब्रुवारी

गोदूची खुर्ची कुणीतरी भिंतीकडे फिरवून ठेवली आहे. मी सरळ केली. दुपारी परत भिंतीकडे.

तिला घेऊन गेलो उन्नतीजवळ. तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "ती बोलत नाही. तुम्ही बोलता."

तिला ते पहिल्यापासून माहीत असणार. कुठल्या पोराला माहीत नसतं? पण इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती.

२ मार्च

विहारात गेलो होतो. रघू भेटला. जयंतीचा कार्यक्रम तोच बसवतो. "दादा, चौदा एप्रिलला गोदूला किती वेळ देऊ? यंदा लेझीम आहे, भाषणं आहेत, पण पोरं तर गोदूसाठीच येतात." म्हटलं, आम्ही त्याच्या आत निघतोय. त्याचं तोंड पडलं. मग घाईघाईने, "नाही, चांगलंय की! अभिमानाची गोष्ट आहे!"

आम्ही राहतो त्या काल्हेरमधून परदेशी चाललेली माधवी पहिली नर्स, असं तो माईकवर सांगणार आहे. सांग बाबा.

९ मार्च

सराव होत नाही. आरशासमोर उभा राहतो, ओठ हलतात. साधं "हाय" म्हणताना हलतात!

माधवीला सामानाचं टेन्शन. तिघांच्या बॅगा रोज वजनकाट्यावर. पोळपाट नेऊ की नको? कुकर तिथे मिळेल? गोदूचं ती काही बोलली नाही, फक्त एकदा तिच्या खुर्चीकडे बघितलं. मीच म्हटलं, दापोड्याला आईकडे ठेवू. "चालेल?" तिने विचारलं. म्हटलं, चालेल. गोदूचं डोकं बॅगेत आडवं घातलं तर उन्नतीचे बूट बाहेर राहतात.

१८ मार्च

मुख्तारभाईंकडे इफ्तारला बोलावलं होतं. त्यांच्या नसीबाभाभींनी उन्नतीला जवळ घेतलं, समोशांची डिश पुढे केली. उन्नती त्यांच्याशी छान बोलली! शाळेचं, अलिजाचं, सगळं. फक्त मी शेजारी येऊन बसलो की गप्प.

परत येताना माधवी म्हणाली, "तिला वेळ दे." मग, "मलापण कुणीतरी द्या वेळ." मी हसलो. ती हसली नाही. पुलावर ट्रकांची रांग होती, रिक्षा हलत नव्हती. ती मान मागे टाकून झोपून गेली.

२२ मार्च

आज बोललो उन्नतीशी. गोदू नाही, काही नाही. हात मोकळे, कुठे ठेवावे कळेना.

म्हटलं, तू गोदूला सांगितलेलं मी मम्मीला सांगितलं. चुकलं माझं.

ती रंगपेटीतले खडू लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला जायचंय का तिकडे?"

"माहीत नाही."

"मम्मीला माहितीये, तुम्हाला माहीत नाही ते?"

"नाही."

"का नाही सांगितलं?"

"मम्मीने एवढी मेहनत केली. तिला वाईट वाटेल."

तिने मान हलवली — अगदी मोठ्या बाईसारखी. "मग तुम्ही गोदूला सांगायचं ना," म्हणाली. चिडवत नव्हती. खरंच सांगत होती.

२९ मार्च

गोडाऊनमध्ये मला निरोप दिला आज. हार, पेढे, घड्याळ. मग सगळ्यांचा एकच आग्रह — गोदूचा खेळ करा! आणली होती सोबत. जेवणाच्या सुट्टीत मालाच्या लाकडी पॅलेटवर खुर्ची मांडली. हमाल, ड्रायव्हर, ऑफिसची पोरं, सगळे खाली बसले.

गोदू हिंदीत बोलली. "क्या देखता है रे? गाडी लगा दी क्या?" हसले. दोन-तीन वाक्यं जमली. मग कुणीतरी विचारलं, "मौसी, मस्कत जाके क्या करोगी?"

वायर ओढली, जबडा हलला, आवाज नाही. परत ओढली. मागून एक जण ओरडला, "होंठ हिल रहे हैं!" सगळे हसले. वाईट मनाने नाही. मीही हसलो. गोदूला पिशवीत भरली.

मुख्तारभाई गेटपर्यंत आले. खांद्यावर हात ठेवून चालत राहिले.

१ एप्रिल

उन्नतीची परीक्षा संपली. आजीकडे सोडलं चार दिवसांसाठी. तिची ती बॅग घेऊनच गेली. बिस्किटाचा पुडा बदलून.

तिकिटं आली. १२ तारीख.

५ एप्रिल

माधवीची आज शेवटची ड्युटी. दुपारी आली. हातात फुलं, केक अर्धा, युनिफॉर्म अंगावरच. मी गोदूला चादरीत बांधत होतो — संध्याकाळी दापोड्याला न्यायची म्हणून.

"बांधू नको," म्हणाली. "जरा बसव तिला."

आणि फरशीवर बसली, बॅगांना टेकून. मी गोदूला खुर्चीत बसवलं, हात आत घातला. सवयीने.

"गोदू, हायस का?" कल्याणची मुलगी ही. लग्न झाल्यापासून असं बोललेली नाही कधी.

"हाय."

"कुणाला सांगणार नाहीस?"

गोदूची मान हलवली फक्त. नाही.

मग माधवी बोलली. माझ्याकडे नाही बघितलं, गोदूकडेही नीट नाही. केकच्या खोक्याच्या दोरीशी चाळा करत. अर्ज केला तेव्हा एकटीचाच केला होता म्हणे. "दोन वर्षं. ड्युटी करायची, रूमवर यायचं, झोपायचं. बस. कुणाचा डबा नाही, कुणाला उठवायचं नाही, ताप बघायचा नाही. हॉस्पिटलमध्ये ताप, घरी ताप. मला झोपायचं होतं गं." मग तिकडच्या हॉस्पिटलने विचारलं, फॅमिली आणणार का? "नाही कशी म्हणू? बाई पोर टाकून गेली म्हणतील. विकी काय म्हणेल?"

विकी. जसा काही मी दुसऱ्या खोलीत होतो.

"दोघं आवडत नाहीत असं नाही. खूप आवडतात. उन्नती तर... पण थकलेय गोदू. इतकी की ती पोर गप्प बसली तेव्हा पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. घरात शांत झालं म्हणून! कसली आई मी?"

माझी बोटं वायरीवर. जबडा उघडायचा, काहीतरी विनोद करायचा, तिला हसवायचं — एवढंच मला येतं. नाही केलं. गोदू तोंड मिटून बसली. मीही.

माधवी उठली, तोंड धुतलं. "चहा टाकू?"

"मी टाकतो," म्हटलं.

ती बॅगांच्या मधेच आडवी झाली. चहा झाला तोवर झोपली होती. युनिफॉर्मवरच. उठवलं नाही.

६ एप्रिल

माझी नोकरी, माझं सोडणं, माझी गोदू. दोन महिने मी हेच लिहितोय या वहीत. मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर तीच थकलेली आहे — नाईट करून आलेली, मान टाकून झोपलेली. मीच लिहिलंय सगळं! मीच वाचलं नाही.

दापोड्याला गेलो. उन्नतीला विचारलं, मम्मी एकटी गेली आणि आपण दोघं इथेच राहिलो तर? ती म्हणाली, "मम्मी परत येणार?"

"हो."

"नक्की? की फोनमध्येच?"

"सुट्टीला येणार. आपणही जाऊन येऊ."

"रोज बोलायचं. पण ती झोपलेली असली तर नाही," उन्नती म्हणाली.

८ एप्रिल

दोन तिकिटं रद्द केली. माधवीचं ठेवलं.

तिला सांगितलं तेव्हा भांडली आधी. मग रडली. शेवटी म्हणाली, "उन्नतीची वेणी घालता येते का तुला?"

नाही येत.

"बस इथे," म्हणाली, आणि स्वतःचे केस सोडले.