आढीतला डोळा

सेलू, ७ ऑक्टोबर १९५६
डाव्या डोळ्यावर आज पुन्हा पडदा उतरला. वरून खाली, नाटकातल्यासारखा. दुखणं नाही, खुपणं नाही. पान चघळून होईस्तोवर वर गेला. बायको कमल म्हणाली, "लोकायची उणीदुणी जरा कमी बघावं माणसानं." वाक्य पुढच्या लेखात चोरायला हरकत नाही.

११ ऑक्टोबर
आज सकाळी उतरला तो वर गेलाच नाही.
वैद्य आबासाहेबांनी पापणी उलटून पाहिली. "मोतीबिंदू. पिकू द्या. दिवाळीनंतर थंडीत काढू." शेजारचे व्यंकटराव — "आमच्या आईचा दोन वर्षं पिकला." दूध घालणारा धोंडीबा — "शेळीच्या दुधाची पट्टी ठिवा मालक, लय गार पडतंय." एकंदरीत गावाने माझा डोळा आंब्यासारखा आढीत घातला. मीही पडून राहिलो.

१९ ऑक्टोबर
उजव्या हाताला मुंग्या. मराठवाड्याच्या मुंबई राज्यातल्या विलीनीकरणावरचा लेख अर्धाच. गावातल्या किती पुढाऱ्यांना जीवदान!

२२ ऑक्टोबर
परभणीला गेलो. डॉक्टरांनी डोळ्यात दिवा धरला. "मोतीबिंदू नै साब. पीछे की रग बंद हो गई. बहुत देर करे आने में." नस तुंबली की डोळा काही तासांतच मरतो म्हणे. म्हणजे आम्ही मेलेला पिकत घातला होता.
मुंग्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या मानेवर बोट ठेवलं — रक्ताची गुठळी बहुधा इथूनच सुटते; एक डोळ्यात गेली, पुढची मेंदूत जाईल. डावीकडे अडली की उजवं अंग जातं, वाचाही.
औषध? "बिडी छोडो. दुआ करो."
लिहिणारा हात आणि ही जीभ. बाकी माझ्याकडे आहेच काय?

२३ ऑक्टोबर
कमलने दारातच विचारलं, "काय म्हणला डाक्टर?" "पिकायलाय," म्हणालो. तिने लगेच देवापुढे साखर ठेवली.

१ नोव्हेंबर
हैदराबादचा म्हणून निजलो, मुंबईचा म्हणून उठलो. उजव्या पायात चप्पल राहत नाही.

११ नोव्हेंबर
डाव्या हाताने. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कमल भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते — "डोळा तेवढा येनार हाय त्येंचा. थंडी पडू द्या." लोक माझ्याकडे बघतात.
जीभ गेली ते बरं झालं.