आमच्या घरची पट्टी

प्रिय आक्का,

असा फोन आपटत नसतात. माझं बोलणं अर्धंच झालं होतं आणि तू ठेवून दिलास. पुन्हा लावला तर आईनं उचलला, म्हणाली, "ती गोठ्यात गेलीय, तिला बोलायचं न्हाई तुझ्याशी." तू गोठ्यात रडत बसणारी नाहीस हे मला माहीत आहे, पण तिन्ही गाया त्या दिवशी माझ्या नावच्या शिव्या ऐकून गार झाल्या असतील. म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू आधी सगळं वाचणार आणि मग फाडणार, एवढी तुला मी ओळखतो.

तुझं टुमणं एकच, की मी गावात असतो तर ही वेळ आली नसती. भैरोबाच्या यात्रेची पट्टी गोळा करत वाल्मिक आणि त्याच्याबरोबरची पोरं आपल्या आळीत आली, शेजारच्या बनुबाईच्या दारात थांबली, आपल्या दारापुढं आल्यावर वाल्मिक म्हणाला, "ह्या घरात गडी न्हाई, ह्यांची राहू द्या," आणि पुढं गेली. तू मुठीत पैसे धरून उंबऱ्यात उभी होतीस हे तू मला सांगितलं नाहीस. ते आईनं नंतर सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी फोनवर हसून बोलून गेलो, "बरं झालं की, पैसं वाचलं." त्यावर तुझा फोन बंद. ठीक आहे. आता बोलायची पाळी माझी.

आधी शहराचं सांगतो, कारण तू कधी विचारत नाहीस. तू फक्त विचारतेस, जेवलास का आणि येणार कधी. मला एका जागी बूड टेकवता येत नाही असं तू सगळ्यांना सांगतेस आणि त्यात खोटं काही नाही. राहात्याच्या हॉटेलात दिवाळीपर्यंत टिकलो नाही, देवळाली प्रवऱ्याला उसाच्या ट्रकवर एकच हंगाम काढला, मिरजगावात हायवेवरच्या टायरच्या दुकानातून तर मालकानंच हाकललं. पण बंगलोरात दुसरं वर्ष लागलं आणि मला अजून निघावंसं वाटलेलं नाही. याचं कारण मी परवा शोधून काढलं. हे शहर एवढं मोठं आहे की पळून जायचं म्हटलं तरी माणूस शहरातच राहतो. एका कोपऱ्याचा कंटाळा आला की सुट्टीच्या दिवशी बस धरायची आणि दुसऱ्या कोपऱ्यात उतरायचं. तिथली झाडं वेगळी, बोली वेगळी, इडलीवरची चटणीसुद्धा वेगळी. संध्याकाळी परत खोलीवर. माझ्यासारख्याला हे लई सोयीचं आहे.

काम तेच, यशवंतपूरच्या यार्डात कांद्याच्या गाळ्यावर. गाड्या उतरवायच्या, गोण्या फोडायच्या, मोठा माल एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं. आपल्याकडचा कांदा आला की गोणीचं तोंड सोडल्याबरोबर मला कळतं, कारण त्यात आपल्या रानाची माती असते. मी ती झटकतो आणि आमचा शेट ओरडतो, "माती कशाला बघत बसतोस, कांदा बघ!" ड्रायव्हर लोक मराठी, शेट कानडी, हमाल कुणी तमिळ, कुणी बिहारचे. सगळ्यांच्या मधे मी उभा राहून ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगत असतो. शाळेत मला एक भाषा धड आली नाही. मास्तरांनी आता मला बघायला पाहिजे.

इथं दोघांत एक कॉफी मागितली तर कुणी हसत नाही. वन बाय टू म्हणायचं, ते एका कॉफीचे दोन ग्लास करून देतात. पाण्याचा टँकर इथंही येतो, चार मजली बंगल्यापुढंसुद्धा उभा राहतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा, तुला सांगतो, मला आनंदच झाला. म्हटलं, आपण काय एकटेच नाही. उन्हाळा मात्र आपल्यासारखा नाही. दिवेलागणीला वारं सुटतं आणि दिवसभराचा घाम विसरून जातो. आणि बाईमाणसाला इथंही अक्का म्हणतात. सुरुवातीला रस्त्यावर कुणी "अक्का" म्हणून हाक मारली की मी दचकून मागं बघायचो. वाटायचं, तू आलीस आता कान धरायला.

मी राहतो ती खोली रत्नम्मा नावाच्या बाईची. खाली ती राहते, वर पत्र्याची आमची खोली. ती देवळापुढं फुलं विकते. शेवंतीचा गजरा ती हातावर मापून देते, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि गिऱ्हाईक म्हणालं तुझा हात आखूड आहे, तर म्हणते, लांब हाताच्या बाईकडं जा. तिचा नवरा कुठंतरी दुसरा संसार मांडून बसलाय. हे तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, भाडं किती आणि पाणी किती वाजता येतं हे सांगतात तसं. त्यानंतर तो विषय कधी निघाला नाही. मला हे फार नवलाचं वाटलं. आपल्याकडं तू सासरहून परत आलीस त्याला इतकी वर्षं झाली, तरी अजून बनुबाई पाहुण्यांपुढं आवाज बारीक करून म्हणते, "नांदत न्हाई ती." जणू तुला कसला आजार आहे.

आता मुद्द्याचं. अण्णम्मा म्हणून इथं एक देवी आहे, या शहराची गावदेवीच. मोठ्या देवळातून तिची मूर्ती आणतात आणि गल्लीत मांडव घालून बसवतात. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत ती येणार होती. पोरं पट्टी मागायला आली. इथं तिला पट्टी म्हणत नाहीत, पण चीज तीच. त्या दिवशी मी खालच्या पायरीवर बसून लसूण सोलत होतो. पोरांनी विचारलं, घरात कोण आहे? मी म्हणालो, "मालक नाहीत. मालक आले की या."

आक्का, माझ्या तोंडून ते आपसूक गेलं. रत्नम्मा आत भात करत होती आणि मी सांगतोय मालक नाहीत. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आतून पळी घेऊन रत्नम्मा बाहेर आली आणि मला म्हणाली, "कसला मालक? कुठून येणार तो? या घराचं भाडं तू कुणाच्या हातात देतोस रे?" पोरं खो खो हसली. तिनं कमरेचा बटवा सोडला, पैसे मोजून दिले, आणि वर त्यांनाच दम भरला की मागच्या वर्षी आमच्या दारापुढं दिव्यांची माळ आली नव्हती, यंदा आली नाही तर पैसे परत घेईन. मग त्या पोरांनी मला विचारलं, आणि तुझे? मी म्हणालो, मी बाहेरगावचा. तर त्यातला एक म्हणाला, "वरती भात शिजतो ना तुझा? मग झालं."

उत्सवाच्या संध्याकाळी माईकवर नावं पुकारली. रत्नम्मा, फुलवाली. आणि जरा वेळानं, रत्नम्माच्या माडीवरचा महाराष्ट्राचा कनिपनात. नावाचं पार वाटोळं केलं त्यांनी, पण गल्लीतली सगळी माणसं वळून बघायला लागली आणि मी उगीचच शर्ट नीट केला. त्या माणसांची बोली मला अजून निम्मी कळत नाही. तरी मला त्यांनी मोजलं. मी त्या रात्री हसत हसत झोपलो, खरं सांगतो. पायरीवरचं माझं बोलणं तेव्हा मला गंमतच वाटत होतं. आईनं तुझ्या मुठीतल्या पैशाचं सांगितलं तेव्हा लख्ख कळलं की वाल्मिक जे बोलला तेच मी इथं बोललो होतो. फरक एवढाच की रत्नम्माच्या हातात पळी होती.

म्हणून मी गावात येऊन ही भानगड मिटणार नाही. मी आलो, दारात उभा राहिलो, वाल्मिकनं माझ्याकडून पट्टी घेतली आणि भोंग्यावर माझं नाव पुकारलं, की तू आपली चुलीपुढंच. गोठ्यात तू, डेअरीवर दूध घालायला तू, आईला नगरच्या दवाखान्यात न्यायला तू, घरपट्टीची पावती तुझ्या हातात. डेअरीवाला दुधाची फॅट लावतो तेव्हा गडी कुठं आहे म्हणून विचारतो का? मग भैरोबालाच का गडी लागतो? वाल्मिक वाईट नाही. लहानपणी तुझ्या हातची भाकरी खाल्लेला पोरगा आहे. त्याला कुणी सांगितलं नाही एवढंच, आणि तू उंबऱ्यातून बाहेर आली नाहीस. आता ये. पारावर जा, चारचौघांत जा, आणि म्हण, "वाल्मिक, आमची पट्टी राहिली. माझ्या, कडूबाईच्या नावानं घे." हसला तर हसू दे. तुझ्या शिव्यांपुढं गाया गप होतात, वाल्मिक काय चीज आहे. देवाचा छबिना, पालखी निघते त्या दिवशी मी येतोय, सुट्टी काढली आहे. पण पट्टी द्यायला नाही, जेवायला आणि कुस्त्यांचा हगामा बघायला. भोंग्यावर नाव तुझं ऐकायचं आहे मला, माझं इथं ऐकून झालंय.

हे पत्र कांद्याच्या गाडीवरच्या सहादेव ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो गाडी घेऊन मिरजगावावरूनच जाणार आहे, घरी पोच करेल. त्याला चहा पाज, साखर कमी, त्याला डायबिटीस आहे. आईच्या गोळ्यांचे पैसे नेहमीसारखे फोनवर टाकलेत, ते वेगळे. पट्टीचे फोनवरून वाल्मिकला टाकले असते, पण मग नाव माझं लागलं असतं. यंदा घरटी बाराशे आहे असं आई म्हणाली. सगळे मी पाठवले तर पट्टी माझीच होईल आणि तू नुसती नेऊन देणारी. कमी दिलीस तर म्हणतील बाई म्हणून सूट दिली, जास्त दिलीस तर म्हणतील भावानं मिरवलं. तेव्हा बरोबर घरटी आहे तेवढीच दे. घर दोघांचं आहे, निम्मे तुझ्या दुधाच्या पैशातले घाल. निम्मे या पाकिटात आहेत.

तुझाच, शिव्या खाऊन मोठा झालेला,
कान्या

सोबत रोख सहाशे रुपये.