गॅम्बोल शब्दाचं मूळ

कंबरलँड, ८ एप्रिल १९१९

प्रिय लँटी,

तुझं पत्र पोचलं. युद्धात पाय गमावून चार महिने लीड्सच्या इस्पितळात पडलेला माणूस बहिणीला एका शब्दाबद्दल पानभर लिहितो, असा भाऊ माझ्याच नशिबी! कोकरांच्या बागडण्याला आपण ‘गॅम्बोल’ म्हणतो, तो शब्द म्हणे आधी घोड्याच्या उडीचा. फ्रेंचांकडून आपण घेतला, त्यांनी इटालियन लोकांकडून, आणि मुळाशी ‘गाम्बा’, म्हणजे पाय. आणि शेवटी एकच ओळ, ‘तेव्हा हा शब्द आता माझ्या कामाचा नाही.’ ती वाचून मी रडले, मग तुझा भयंकर राग आला.

यंदा मेंढ्या उशिरा व्यायला लागल्या. काल पांढऱ्या नाकाच्या मेंढीला मेलेलं कोकरू झालं. बाबा करायचे तसं त्याचं कातडं सोलून मी एका पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं. वास ओळखीचा लागल्यावर तिनं त्याला पिऊ दिलं. आज दुपारी ते त्या उसन्या कातड्यासकट कुरणभर उधळत होतं. त्याला कोण विचारतंय, तुझं मूळ काय म्हणून?

बाबांच्या दफनाला तू आला नाहीस. डॉक्टर सोडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं. शेजारचा टायसन चर्चच्या दारातच म्हणाला, “डॉक्टर कसले, लाजतोय पोरगा! आणि पोरी, एकट्या बाईला डोंगर भाड्यानं कोण देणार गं?” आपल्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कोकरं आईमागे फिरून शिकतात. डोंगर टायसनला मिळाला की त्याबरोबर कळपही त्याचाच; तो मेंढ्या खाली नेऊन विकणार, आणि ती हद्द ओळखणारं एकही जनावर वर उरणार नाही. बाबांनी जन्मभर जपलेलं असं एका बाजारात संपेल.

बाबा गेल्यावर डोंगराच्या मालकाच्या कारभाऱ्याला भाडेपट्ट्यावर पुरुषाचं नाव हवं होतं. मी तुझं लिहिलं. तुझी सहीसुद्धा मीच ठोकली. लबाडी आहे, ठाऊक आहे मला. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. आता शनिवारी कारभारी तुला भेटायला घरी येतोय. तू दिसला नाहीस तर पट्टा टायसनच्या घशात. डोंगर मी चढेन, मेंढ्या मी राखेन. तू कुबड्या घेऊन ये, रागावून ये, वाटेल तसा ये. शुक्रवारी दुपारच्या गाडीला मी पेनरिथ स्टेशनवर घोडागाडी घेऊन उभी आहे.

तुझी लबाड, तरी तुझीच,
अ‍ॅग्नेस