उरलेले बारा किलो

प्रिय गोणीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. माझा आशीर्वाद तुला कधी लागल्याचं काही मी पाहिलं नाही, पण कागदाची सुरुवात कोरी बरी दिसत नाही म्हणून लिहिला. इकडे सगळे धडधाकट आहेत, माझं माकडहाड सोडून. त्याचं पुढे येईलच. तुझे गुडघे काय म्हणतात? झोप अजून पूर्वीसारखीच लागते का? (म्हणजे खाट मोडली तरी कूस न बदलणारी. वडिलांनी तुला हे नाव उगाच नाही ठेवलं. झोपलेल्या तुला बसमधून उतरवून खांद्यावर टाकून आणायचे, तेव्हा वाटेत लोक विचारायचे, बटाटे कसे दिले.) आणि वजन किती आहे तेही कळव. अंदाजे नको, चपला काढून काट्यावर उभी राहा आणि कळव. कशाला ते आत्ता विचारू नकोस.

तर बातमी अशी की आपल्या नातीने आगीच्या बंबावर नोकरी करायचं मनावर घेतलंय. गेली चार वर्षं ती गाड्या उभ्या करायच्या जागेच्या दाराशी एका काचेच्या खोक्यात बसते आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला एक चिठ्ठी देते. खोकं एवढं लहान, की शिंक आली तर आधी खिडकी सरकवावी लागते. समोरच बंबवाल्यांचं ठाणं. चार वर्षं तिने त्यांना घंटा वाजली की धावताना पाहिलं, आणि घंटा नसली की बंब पुसताना. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, मी तिकडे जाणार. तुझा भाचा म्हणाला, "कशाला, काही पेटलंय का?" (माझ्या मुलाचा विनोद हा असा असतो. बस चालवतो, मागे बसलेल्यांना उतरता येत नाही, म्हणून त्याची सवय झालीय.) लेखी परीक्षा तिने पहिल्या फटक्यात काढली. राहिली अंगमेहनतीची. तिच्यात वजनाचं जाकीट घालून आणि खांद्यावर पाइपचं वेटोळं घेऊन चार मजले चढायचे, मग शिडी, मग घण, मग अंधाऱ्या बोगद्यातून रांगत जायचं, आणि सगळ्यात शेवटी सत्तर किलोंचा एक पुतळा काखेत धरून पंचवीस मीटर मागे मागे ओढत न्यायचा. हे सगळं दहा मिनिटांत. संधी दोनच. दुसरीही हुकली तर वयाची अट आडवी येते आणि मग जन्मभर ते खोकं. हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं, परत त्यावर बोलली नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. एरवी ही पोरगी चपलेचा अंगठा तुटला तरी आठवडाभर सांगत असते.

मग घर कामाला लागलं, आणि आपलं घर कामाला लागलं की काय होतं ते तुला माहीत आहे. तळमजल्यावरच्या शिंप्याने माझ्या जुन्या कोटाला आतून चौदा खिसे मारून दिले. त्यांत वाळू भरायची ठरत होती, पण मी मध्ये पडले. वाळू एकदा घरात आली की भाडेकरूसारखी, निघत नाही. म्हणून मीठ भरलं. चौदा पिशव्या शिवून आत टाकल्या, वरून टाके घातले, कोट काट्यावर ठेवला तर बरोबर वीस किलो. पोरगी तो घालून सकाळी जिने चढायची, मी दारात मोबाइल धरून वेळ बघायची (तो एवढाच चालवता येतो मला, आणि तेवढाच पुरे आहे). दहा-बारा दिवसांत कोटाला असा वास सुटला की सूनबाईने तो कुणाला न विचारता उचलला आणि आपल्या धुलाईच्या दुकानात नेऊन मोठ्या यंत्रात टाकला. संध्याकाळी वाळवून परत खुंटीला. सकाळी पोरगी अर्धवट झोपेत कोट चढवून धावली आणि चाळीस सेकंद कमी! चौथ्या मजल्यावरून तिने अशी आरोळी ठोकली की शिंप्याने मशीन थांबवलं. मीही म्हटलं, शाब्बास. सूनबाई तेवढी शांतपणे म्हणाली, "तरीच बाई. डाग तर एकही नव्हता, मग पाणी एवढं गढूळ का, हेच मला कळेना." कोट पत्र्यासारखा कडक झाला होता आणि आतल्या पिशव्या रिकाम्या. त्याच पाण्यात धुतलेली कुणाची तरी पांढरी पँट दुकानात आपल्या पायांवर उभी राहिली म्हणे. मग निमूटपणे वाळू आणली. तुला सांगते, ती अजून निघतेय.

बोगद्याचं विशेष काही नाही. पुढच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि लोखंडी पलंग ओळीने लावून त्यांवर पांघरुणं टाकली. पोरगी डोळ्यांना फडकं बांधून खालून रांगायची. तुझा भाचा एकदा कामावरून आला आणि चहाचा कप घेऊन सवयीने पलंगावर बसला. त्याच्या दोन पायांमधून एक डोकं बाहेर आलं. कप कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही, बशी सापडली.

आता मुख्य अडचण, म्हणजे पुतळा. पहिल्यांदा गादीची वळकटी करून पाहिली. ती मधूनच दुमडायची आणि पोरगी तिच्यावर पडायची. मग तुझा भाचा पुढे आला. वजन चोख बहात्तर, म्हटलं काम झालं. पण त्याला काखेत हात लावला की गुदगुल्या होतात. चाळीस वर्षांपूर्वी आंघोळ घालताना व्हायच्या तशाच, काडीचा फरक नाही. बेशुद्ध माणूस खिदळतोय आणि पोरगी रडकुंडीला आलीय, असं दोन दिवस चाललं. सूनबाई पहाटेच कामावर जाते. राहिले मी. अठ्ठावन्न किलो. पोरगी म्हणाली, "आजी, तुला नको गं. लागेल." मी म्हटलं, "मला काय लागायचं राहिलंय? पकड."

आमच्या मजल्यावरचा पॅसेज शिंप्याच्या टेपने मोजला. आमच्या दारापासून कोपरा वळून लिफ्टपर्यंत बरोबर पंचवीस मीटर. रोज सकाळी मी फरशीवर उताणी पडायची, पोरगी मागून बसून काखेतून हात घालायची, माझ्या छातीवर मनगट धरायची आणि उठून मागे मागे चालू लागायची. मी तिच्याबरोबर घसरत, नजर छताकडे. (छताला किती जळमटं आहेत ते सगळ्या मजल्याला मी पहिल्यांदा सांगितलं.) सात नंबरची बाई रोज दार किलकिलं करून विचारायची, "आज कसं वाटतंय आजींना?" एकदा तिच्याकडचा पाहुणा बाहेर आला, बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. मी जाता जाता डोळे उघडून त्याला म्हटलं, "घाला डोक्यावर, अजून वेळ आहे." तो त्या दिवशीच आपल्या गावी गेला.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. पॅसेजच्या मध्यावर फरशा बदलतात, तिथे एक धातूची पट्टी बसवलीय. तिच्यावर माझं माकडहाड रोज आपटायचं. तिसऱ्या दिवशी मी काय केलं, पट्टी जवळ आली की गुडघे जरासे वर घेतले आणि टाचा रोवून अंग थोडं उचललं. पट्टी चुकली. बरं वाटलं. चौथ्या दिवशी पट्टीच्या आधीच उचललं. आठवड्याने मी दारापासून लिफ्टपर्यंत पोरीच्या पावलाबरोबर पाऊल टाकल्यासारखी टाचांनी रेटत होते. मुद्दाम केलं असं नाही गं. जन्मभर मीच सगळ्यांना कुठे ना कुठे ओढत आणलं, मला कुणी कधी नेलं नाही, तेव्हा नुसतं पडून राहायचं कसं हे शिकायचंच राहून गेलं. पोरीची वेळ मात्र रोज कमी होत होती. तीस सेकंद, सव्वीस, बावीस. ती खूश, मी खूश, माकडहाड खूश. शेवटी तर ती म्हणायची, "आजी, चल," आणि आम्ही दोघी चालायला निघाल्यासारख्या निघायचो.

परीक्षेला मी मुद्दाम गेले. मोठं मैदान, पांढऱ्या रेघा, तीनशे जण. शिट्टीवाला साहेब अगदी घडीचा माणूस, मिशीसुद्धा इस्त्री केलेली. आपली पोरगी जिने चढली, शिडी झाली, घण झाला, बोगद्यातून तर उंदरासारखी निघाली (चहाचा कप नव्हता ना मध्ये). पुतळ्यापाशी आली तेव्हा तीन मिनिटं शिल्लक होती. तीन मिनिटांत तिने मला लिफ्टपर्यंत नेऊन, परत आणून, चहा पाजला असता. पुतळा नारिंगी कपड्यातला, तोंडाच्या जागी नुसतं कापड. तिने काखेत हात घातले, मनगट धरलं, उठली. पुतळा हलला नाही. तिने परत ओढला. मग, सवय ती सवय, ती पुतळ्याच्या कानाशी धापा टाकत मोठ्याने म्हणाली, "आजी, चल."

साहेबाने ऐकलं. त्याच्या मिशीची इस्त्री मोडली. बाकीचे दोनशे नव्व्याण्णव तर मोकळेपणानेच हसले. मी हसले नाही. मैदानात मला एकटीला ठाऊक होतं की आजी का चालत नाहीये. अकरा मीटरवर शिट्टी वाजली.

येताना तुझ्या भाच्याच्याच बसने आलो. तो आरशात बघून काहीतरी विनोद करणार होता, मी आरशातूनच डोळे वटारले. पोरगी म्हणाली, "माझे हातच कमजोर आहेत, आजी." मी खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी ती खोक्यात जाऊन बसली आणि चिठ्ठ्या देऊ लागली. दुसरी संधी सहा आठवड्यांनी आहे. ती आता रात्रंदिवस हातांचे व्यायाम करते, दाराच्या चौकटीला लोंबकळते, आणि हातांत काही कमी नाही हे तिला सांगायचं माझ्या तोंडून निघत नाही. मी कुणाची माफी कधी मागितलेली नाही. मागायची झाली तर सुरुवात तुझ्यापासून करावी लागेल, आणि तेवढा कागद नाही.

बाकी ठीक. पत्र मिळाल्याचं कळव. गुडघ्यांना गरम पाण्याने शेक. पलंगावरून पडू नकोस, पडलीस तर निदान जागी हो.

तुझी थोरली

ता. क. – तू निघून ये. महिनाभरासाठी ये. वजन त्यासाठीच विचारलं. मला एक असं माणूस पाहिजे, ज्याला ओढलं तरी ते काहीही करणार नाही, आणि आपल्या सगळ्या गोतावळ्यात ती विद्या तुझ्या एकटीकडे आहे. तुला फक्त पॅसेजमध्ये झोपायचंय. उशी मिळणार नाही.

दुसरा ता. क. – पाकिटाला डिंक मिळाला नाही म्हणून पत्र तीन दिवस पडून राहिलं. तेवढ्यात पोरीच्या हाती माझ्या सपाता लागल्या. दोन्ही टाचा झिजून आरपार, पुढचा भाग कोरा. बराच वेळ उलटसुलट करून बघत बसली. मग म्हणाली, "आजी, तू रेटत होतीस?" मी म्हटलं, "पट्टी टोचायची." ती म्हणाली, "पंचवीस मीटर पट्टी?" मी सपाता परत घ्यायला हात पुढे केला. वाटलं आता भांडेल. तर फरशीकडे बोट दाखवून म्हणाली, "पड. आणि मेल्यासारखी पड." मी पडले. गुडघे, टाचा, सगळं सोडून दिलं. फार अवघड गं, तुला कळायचं नाही. कोपऱ्यापर्यंत ती तीनदा थांबली, पट्टीवर माकडहाड जोरात आपटलं, मी हूं की चूं केलं नाही. लिफ्टपाशी तिने मला खाली ठेवलं तेव्हा पन्नास सेकंद झाले होते. सांगितलं होतं मेल्यासारखी पड, म्हणून मी तशीच पडून राहिले. ती धापा टाकत म्हणाली, "आजी." मग म्हणाली, "ए आजी." मग माझ्या छातीला कान लावला. तिचा कान बर्फासारखा गार पडला होता. मी डोळे न उघडता म्हटलं, "पुतळ्याला हाक मारायची नाही, शिट्टीवाला हसतो." त्यानंतर तिने मला जे ऐकवलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. माफी मागायचं राहिलं, पण आता दोघींनाही सगळं माहीत आहे. तेव्हा तू आली नाहीस तरी चालेल.

तिसरा ता. क. – वरचं वाचून तू भरलेली पिशवी परत रिकामी करायला बसली असशील. थांब. मी अठ्ठावन्न, पुतळा सत्तर. उरलेले बारा किलो मी या वयात कुठून आणू? तुझ्या अंगावर ते कित्येक वर्षं नुसते पडून आहेत. पोरगी विचारतेय, धाकट्या आजीला गुदगुल्या होतात का. मी सांगितलं, ती एकदा झोपली की घराला आग लागली तरी उठायची नाही. पोरगी म्हणाली, "मग मला अशीच आजी पाहिजे." ये लवकर.